पक्षाघातातील चेतासंरक्षण

पक्षाघातातील चेतासंरक्षण म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडला असता तेथील चेतापेशी मरू नयेत, किंवा त्यांचा मृत्यू शक्य तेवढा लांबावा, यासाठी केलेले उपाय होत. अडलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू करणे हा पक्षाघातावरील मूळ उपचार आहे. तो प्रवाह सुरू होईपर्यंत आणि झाल्यानंतरही पेशींना तग धरता यावा, हे चेतासंरक्षणाचे उद्दिष्ट असते. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत या हेतूने शेकडो द्रव्ये प्रयोगशाळेत तपासली गेली. त्यांतील बहुतेक माणसांवरील मोठ्या चाचण्यांत निष्प्रभ ठरली. रक्तप्रवाह लवकर पूर्ववत करणे, तसेच ताप, रक्तशर्करा, रक्तदाब व गिळण्याची क्षमता यांवर बारीक लक्ष ठेवणे, हेच आजवर सर्वाधिक पुरावा लाभलेले मार्ग आहेत. भारतात २०२३ मध्ये सोव्हाटेल्टाइड या औषधाला मान्यता मिळाल्यानंतर हा विषय देशात पुन्हा चर्चेत आला.

नाव व व्याप्ती

पक्षाघाताला मराठीत अर्धांगवायू, लकवा, मेंदूचा झटका व ब्रेन स्ट्रोक अशी नावे आहेत. ग्रामीण भागात ‘अंगावरून वारे जाणे’ असेही म्हटले जाते. वायू अंगातून गेल्यामुळे अवयव लुळे पडतात, या जुन्या समजुतीतून ही नावे आली आहेत. बिघाड प्रत्यक्षात हातापायांत नसून मेंदूच्या रक्तवाहिनीत असतो. उजव्या बाजूच्या अवयवांचे नियंत्रण मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे आणि डाव्या बाजूचे उजव्या अर्धगोलाकडे असल्यामुळे मेंदूच्या एका बाजूची इजा शरीराच्या विरुद्ध बाजूस दिसते.

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात गुठळीमुळे रक्तवाहिनी बंद होते व पुढील भागाला रक्त मिळत नाही. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा त्याच्या आवरणांखाली रक्तस्राव होतो. चेतासंरक्षणाचे बहुतेक संशोधन पहिल्या प्रकारासंबंधी आहे आणि या लेखातही प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे. बाह्य लक्षणांवरून हे दोन प्रकार खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. म्हणूनच रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी द्यावयाचे कोणतेही संरक्षक औषध दोन्ही प्रकारांत निर्धोक असणे आवश्यक ठरते.

चेतापेशींच्या मृत्यूची प्रक्रिया

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. मात्र विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. चेतापेशींत ग्लुकोजचा किंवा प्राणवायूचा उपयोगी पडेल असा साठा नसतो. त्यामुळे रक्तपुरवठा थांबताच काही सेकंदांत त्यांचे कार्य बिघडते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

निरोगी मेंदूच्या दर शंभर ग्रॅम ऊतीतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. हे प्रमाण साधारण २० मिलिलिटरच्या खाली गेल्यास पेशींचे विद्युत् कार्य बंद पडते. रुग्णाचा हात उचलत नाही किंवा वाचा जाते. पेशी मात्र अद्याप जिवंत असतात. प्रवाह १० मिलिलिटरच्या खाली गेला की पेशीपटलावरील आयनांचा समतोल ढासळतो आणि पेशी लवकरच मरतात. बंद झालेल्या रक्तवाहिनीच्या क्षेत्रात मधोमध असा मृत गाभा असतो आणि त्याभोवती कार्य थांबलेल्या पण जिवंत पेशींचा पट्टा असतो. या पट्ट्याला पेनम्ब्रा अर्थात उपच्छाया म्हणतात. ग्रहणातील गडद छायेभोवतीच्या अंधूक छायेवरून हे नाव घेतले आहे. शेजारच्या रक्तवाहिन्यांकडून मिळणाऱ्या थोड्याफार रक्तावर उपच्छायेतील पेशी काही काळ टिकतात. प्रवाह पूर्ववत न झाल्यास गाभा हळूहळू पसरत जातो आणि उपच्छायेला ग्रासतो. चेतासंरक्षणाचे सारे प्रयत्न याच पट्ट्यासाठी असतात. मृत गाभ्यातील पेशी कोणत्याही औषधाने परत येत नाहीत.

उपच्छायेतील पेशींच्या मृत्यूस कारणीभूत होणाऱ्या घटना साखळीसारख्या घडतात. ऊर्जा संपल्यामुळे पेशीपटलावरील आयनपंप थांबतात. पेशींमधून ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. ते शेजारच्या पेशींच्या ग्राहींना अतिउत्तेजित करते व त्यांच्यात कॅल्शियम शिरू लागते. वाढलेल्या कॅल्शियममुळे पेशीतील प्रथिने व मेदद्रव्ये तोडणारी विकरे कार्यान्वित होतात, तंतुकणिकांना इजा होते आणि मुक्त मूलके तयार होतात. पुढील काही तासांत व दिवसांत दाह, सूज आणि नियोजित पेशीमृत्यू यांची भर पडते. या साखळीतील प्रत्येक कडीवर कोणते ना कोणते औषध योजून पाहिले गेले आहे.

मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या पक्षाघातात, उपचार न मिळाल्यास, दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. हा वेग सर्व रुग्णांत सारखा नसतो. शेजारच्या रक्तवाहिन्यांचे जाळे चांगले असलेल्या रुग्णाची उपच्छाया कित्येक तास टिकते, तर काहींची तासाभरातच नाहीशी होते.

संकल्पनेचा इतिहास

ग्लुटामेटचा अतिरेक चेतापेशींना मारक ठरतो, हे अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. उपच्छायेची संकल्पना १९७७ ते १९८१ या काळात येन्स आस्ट्रुप, बो सिस्यो व लिंडसे सायमन यांच्या लेखनातून रूढ झाली. झटका आल्यावर मेंदूचा एक भाग मेलेला नसून केवळ थांबलेला असतो, हा विचार त्या काळी नवीन होता. त्यापूर्वी पक्षाघातानंतर रुग्णाची शुश्रूषा करणे आणि पुढे व्यायामोपचार देणे, याखेरीज फारसे काही करता येत नाही, अशीच वैद्यकात सर्वसाधारण धारणा होती.

१९८० व १९९० या दशकांत ग्लुटामेटच्या ग्राहींना अडवणारी, कॅल्शियमचा प्रवेश रोखणारी आणि मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारी अनेक द्रव्ये उंदरांवर प्रभावी ठरली. माणसांवर त्यांचा उपयोग दिसला नाही, आणि काहींचे दुष्परिणामही आढळले. प्राण्यांवरील प्रयोग अधिक काटेकोर व्हावेत म्हणून १९९९ मध्ये वैद्यक व औषधउद्योगातील तज्ज्ञांनी ‘स्टेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. २००६ मधील एका आढाव्यात पक्षाघातासाठी प्रयोगात आणलेल्या एकूण १,०२६ उपचारांची नोंद करण्यात आली. त्यांपैकी ११४ माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले होते.

औषधांच्या प्रमुख चाचण्या

एनएक्सवाय-०५९

मुक्त मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या या औषधाची ‘सेंट-१’ ही चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात रुग्णांचे अपंगत्व किंचित कमी झाल्याचे दिसले. स्टेअर शिफारशींच्या आधारे पारखलेले हे औषध यशस्वी ठरेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. मात्र पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘सेंट-२’ चाचणीत हा लाभ आढळला नाही व औषधाचा विकास थांबवण्यात आला.

मॅग्नेशियम सल्फेट

मॅग्नेशियम स्वस्त, सहज उपलब्ध व बऱ्याच अंशी निर्धोक असते आणि ते ग्लुटामेटच्या ग्राहींना अटकाव करते. औषध उशिरा दिल्यामुळे आधीच्या चाचण्या फसल्या असाव्यात, या शंकेचे निरसन करण्यासाठी लॉस एंजेलिस परिसरात रुग्णवाहिकेतच ते देण्याची योजना आखली गेली. ‘फास्ट-मॅग’ नावाच्या या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत १,७०० रुग्णांना मॅग्नेशियम किंवा निष्क्रिय द्रव्य देण्यात आले; बहुतेकांना ते पहिल्या तासातच मिळाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतरच्या अपंगत्वात फरक पडला नाही. औषध निष्प्रभ ठरले तरी रुग्णवाहिकेतील कर्मचारी पहिल्या तासात उपचार सुरू करू शकतात, हे या चाचणीने सिद्ध केले.

सिटीकोलिन

पेशीपटलाच्या दुरुस्तीस साहाय्यक मानले जाणारे सिटीकोलिन भारतात पक्षाघातानंतर मोठ्या प्रमाणावर लिहून दिले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इक्टस’ या युरोपीय चाचणीत २,२९८ रुग्णांचा समावेश होता. सिटीकोलिन घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांच्या सुधारणेत या चाचणीत फरक दिसला नाही. औषध सुरक्षित असल्यामुळे त्याचा वापर सुरूच राहिला आहे.

एडाराव्होन

मुक्त मूलकांवर काम करणाऱ्या एडाराव्होनला जपानमध्ये २००१ साली पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. जपान, चीन व भारतात ते वापरले जाते. चीनमध्ये एडाराव्होन आणि डेक्सबोर्निओल यांचे मिश्रण नुसत्या एडाराव्होनपेक्षा अधिक गुणकारी ठरल्याचे १,१६५ रुग्णांच्या ‘टेस्ट’ चाचणीत आढळले. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत पक्षाघातासाठी ही औषधे प्रचलित नाहीत.

नेरिनेटाइड

कॅनडातील मायकेल टिमियान्स्की यांच्या संशोधनातून तयार झालेले नेरिनेटाइड हे पेप्टाइड ग्लुटामेटच्या ग्राहींपासून पेशीच्या आत जाणारा मारक संदेश तोडते. आठ देशांतील १,१०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, गुठळी यांत्रिक पद्धतीने काढण्याबरोबर हे औषध दिले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकंदर लाभ दिसला नाही. मात्र गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेस न मिळालेल्या रुग्णांची स्थिती बरी असल्याचे आढळले. अल्टेप्लेसमुळे शरीरात कार्यान्वित होणारे प्लास्मिन हे विकर नेरिनेटाइडचे विघटन करते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. अल्टेप्लेस न दिलेल्या रुग्णांपुरती मर्यादित अशी पुढील चाचणीही लाभ सिद्ध करू शकली नाही.

सोव्हाटेल्टाइड

सोव्हाटेल्टाइड हे एंडोथेलिन-बी या ग्राहीला उत्तेजित करणारे औषध आहे. भारतीय वंशाचे औषधशास्त्रज्ञ अनिल गुलाटी यांच्या संशोधनातून ते विकसित झाले. मेंदूतील मूळपेशींपासून नव्या चेतापेशी बनण्यास चालना देणे आणि तंतुकणिकांचे रक्षण करणे, अशी त्याची कार्यपद्धती सांगितली जाते. भारतात झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १५८ रुग्ण होते. लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत औषध सुरू करून ते प्रचलित उपचारांच्या जोडीने पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या दिवशी शिरेवाटे देण्यात आले. ९० दिवसांनंतर औषध घेतलेल्या गटातील अधिक रुग्ण स्वावलंबी झाल्याचे दिसले. या आधारावर २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्यास मान्यता दिली. मूळ कंपनी फार्माझ आणि मुंबईतील गोरेगाव येथे मुख्यालय असलेली सन फार्मा यांच्यात त्याच वर्षी भारतातील विक्रीसंबंधी करार झाला. चाचणीतील रुग्णसंख्या वर उल्लेखिलेल्या चाचण्यांच्या तुलनेत बरीच लहान आहे. सेंट-१ व सेंट-२ यांचा अनुभव लक्षात घेता मोठ्या आणि अन्य देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष या औषधाचे स्थान निश्चित करण्यास आवश्यक मानले जातात.

औषधांच्या अपयशाची कारणे

प्रयोगशाळेत यशस्वी झालेली द्रव्ये माणसांत का फसली, याची अनेक कारणे दिली जातात.

वेळ: उंदराला रक्तवाहिनी बंद करण्यापूर्वी किंवा काही मिनिटांत औषध देता येते. रुग्णाला ते बहुधा अनेक तासांनी मिळते. तोवर उपच्छाया नाहीशी झालेली असू शकते.

रक्तप्रवाहाचा अभाव: औषध रक्तातूनच पोहोचते. वाहिनी बंद असताना ते जेथे हवे तेथे पुरेशा प्रमाणात जात नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत वाहिनी बहुधा पुन्हा उघडली जात असे. जुन्या चाचण्यांतील बहुतेक रुग्णांची वाहिनी बंदच राहिली.

प्रयोगातील प्राणी: हे प्राणी तरुण व निरोगी असत. रुग्ण बहुधा वयस्क असतात आणि त्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असतो.

एकच लक्ष्य: पेशीमृत्यूच्या साखळीतील एक कडी तोडली तरी इतर कड्या काम करत राहतात. शिवाय सुरुवातीला मारक ठरणारी काही रसायने पुढे मेंदूच्या दुरुस्तीस आवश्यक असतात.

प्रयोगांची गुणवत्ता: लहान नमुने, यादृच्छिक वाटपाचा अभाव आणि नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध न होणे यांमुळे औषधांचा प्रभाव असावा त्यापेक्षा मोठा भासला.

या अनुभवामुळे अमेरिकन हार्ट असोसिएशन व अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०१९ मधील मार्गदर्शक तत्त्वांत चेतासंरक्षक म्हणविल्या जाणाऱ्या कोणत्याही उपचाराची शिफारस करण्यात आली नाही.

रक्तप्रवाह पूर्ववत करणे

उपच्छायेतील पेशी वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे त्यांना रक्त मिळवून देणे. १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवले की, लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांत अल्टेप्लेस दिल्यास तीन महिन्यांनंतर अपंगत्व अत्यल्प किंवा शून्य राहण्याची शक्यता किमान तीस टक्क्यांनी वाढते. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढवता येते असे सिद्ध झाले. टेनेक्टेप्लेस हे त्याच गटातील औषध एकाच मात्रेत देता येते. पुण्यातील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स त्याचे भारतात उत्पादन करते.

मोठी रक्तवाहिनी बंद असल्यास जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी सरकवून गुठळी बाहेर काढली जाते. या प्रक्रियेला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. तिची उपयुक्तता २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी सिद्ध केली. या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार उपचार केलेल्या दर दोन ते तीन रुग्णांमागे एकाचे अपंगत्व किमान एका पायरीने कमी होते. २०१८ मधील दोन चाचण्यांनी, प्रतिमांमध्ये उपच्छाया शिल्लक दिसत असलेल्या निवडक रुग्णांत ही प्रक्रिया २४ तासांपर्यंत उपयोगी ठरते असे दाखवले. ही मर्यादा सर्वांसाठी नाही. निवडक रुग्णांतही प्रत्येक तासाच्या विलंबाने लाभ घटतो.

औषधांपलीकडील संरक्षण

उपच्छायेतील पेशी अत्यल्प रक्तावर जगत असल्यामुळे शरीरातील साधे बदलही त्यांना घातक ठरतात.

ताप: तापमान वाढले की पेशींची ऊर्जेची गरज वाढते. ३८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक ताप त्वरित उतरवला जातो व त्याचे कारण शोधले जाते. याउलट शरीर मुद्दाम थंड करण्याचा उपाय पक्षाघातात अद्याप सिद्ध झालेला नाही.

रक्तशर्करा: साखर खूप वाढल्यास इजा वाढते व खूप कमी झाल्यासही पेशी मरतात. ती साधारणतः १४० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर राखली जाते. त्याहून कडक नियंत्रणाचा अधिक लाभ होत नाही, असे २०१९ मधील ‘शाइन’ चाचणीत आढळले.

रक्तदाब: गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात रक्तदाब बहुधा आपोआप वाढतो आणि वाढलेला दाब उपच्छायेला रक्त पुरवण्यास मदत करतो. गुठळी विरघळवणारे औषध द्यावयाचे असल्यास तो १८५/११० च्या खाली आणतात. अन्यथा २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा तातडीने उतरवला जात नाही. चीनमध्ये २,४०४ रुग्णांवर झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरॅक्ट-४’ चाचणीत रुग्णवाहिकेतच रक्तदाब कमी केल्याने रक्तस्रावाच्या रुग्णांना लाभ, तर गुठळीच्या रुग्णांना हानी झाल्याचे आढळले.

प्राणवायू: रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ९४ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास प्राणवायू दिला जातो.

गिळणे: घशाचे स्नायू कमकुवत झाल्यास पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. त्यामुळे गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काहीही दिले जात नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९ स्ट्रोक कक्षांमध्ये परिचारिकांनी ताप, साखर व गिळणे या तीन बाबींची ठरावीक पद्धतीने काळजी घेतली असता काय होते, याची तुलना करण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत ५८ टक्के, तर या पद्धतीत ४२ टक्के होते. हे साध्य करण्यासाठी कोणतेही नवे औषध वापरलेले नव्हते.

मुंबई उपनगरांतील संदर्भ

मुंबईतील पक्षाघाताची समाजाधारित नोंद २००५ व २००६ या वर्षांत वांद्रे येथील लीलावती रुग्णालयातील डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने झालेल्या या पाहणीत प्रथमच पक्षाघात झालेल्या ४५६ प्रौढ रुग्णांची नोंद झाली. वार्षिक प्रमाण दर लाखामागे १४५ होते. सुमारे ८० टक्के रुग्णांत गुठळीमुळे, तर सुमारे १८ टक्क्यांत रक्तस्रावामुळे झटका आला होता. रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते आणि जवळपास ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. या पाहणीच्या काळात थ्रॉम्बेक्टमी अद्याप सिद्ध उपचार नव्हती.

अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९३,५६,९६२ होती. मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे कुर्ला तालुक्यात येतात. शहरातील जुनी सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये, म्हणजे परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जे. जे. आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दक्षिणेकडे आहेत. उपनगरांत महापालिकेची कूपर (विलेपार्ले), राजावाडी (घाटकोपर), भगवती (बोरिवली), शताब्दी (कांदिवली) व एम. टी. अगरवाल (मुलुंड) ही रुग्णालये आहेत. अंधेरीतील कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय व मुलुंडचे फोर्टिस ही मोठी खासगी रुग्णालये आहेत.

उपनगरांची रचना उत्तर-दक्षिण लांबट आहे. बोरिवली व मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले असल्यामुळे पूर्व व पश्चिम उपनगरांना जोडणारे रस्ते मोजके आहेत. जोगेश्वरी-विक्रोळी, अंधेरी-घाटकोपर आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते व दोन्ही द्रुतगती महामार्ग गर्दीच्या वेळी तुंबतात. पावसाळ्यात अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या सखल जागी पाणी साचते. अशा परिस्थितीत सर्वांत जवळच्या दवाखान्यात जाऊन तेथून पुन्हा दुसरीकडे जाणे, म्हणजे उपच्छायेचा मोठा भाग वाटेतच गमावणे ठरू शकते. म्हणून थेट अशा रुग्णालयात जाणे श्रेयस्कर मानले जाते, जेथे रात्रंदिवस सीटी स्कॅन होतो आणि गुठळी विरघळवण्याचा उपचार मिळतो. घराजवळील कोणत्या रुग्णालयात ही सोय आहे, याची चौकशी रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींच्या कुटुंबीयांनी आधीच करून ठेवणे उपयुक्त असते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे.

लक्षणे व तातडीची कृती

पुढील लक्षणे अचानक दिसल्यास पक्षाघाताची शंका घेतली जाते: चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे अथवा बधिर होणे, बोबडे वा असंबद्ध बोलणे किंवा बोलणे न समजणे, एका अथवा दोन्ही डोळ्यांनी अचानक न दिसणे, तोल जाणे आणि पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी. लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली तरी तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो; त्यामुळे तपासणी टाळणे धोक्याचे असते.

रुग्ण शेवटचा पूर्णपणे बरा केव्हा दिसला होता, ती वेळ नोंदवून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे असते. उपचारांची निवड याच वेळेवर अवलंबून असते. झोपेतून उठताना लक्षणे दिसल्यास झोपण्यापूर्वीची वेळ धरली जाते; अशा काही रुग्णांत एमआरआयच्या साहाय्याने उपचाराची पात्रता ठरवता येते. रुग्ण घेत असलेल्या औषधांची, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, माहिती सोबत न्यावी लागते.

सद्भावनेने केलेले काही घरगुती उपाय उपच्छायेला हानिकारक ठरतात. रक्तदाब वाढलेला पाहून जिभेखाली निफेडिपिन ठेवल्यास दाब एकदम कोसळतो व पेशींना मिळणारे उरलेसुरले रक्तही घटते. सीटी स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन दिल्यास, झटका रक्तस्रावाचा असेल तर धोका वाढतो. साखरपाणी, चहा किंवा काढा पाजल्याने तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. समाजमाध्यमांवर पसरलेल्या, बोटांची टोके सुईने टोचून रक्त काढण्याच्या सल्ल्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही. लुळ्या अवयवाला तेल चोळण्याने मेंदूतील अडथळा दूर होत नाही. त्यात केवळ वेळ जातो.

सद्य संशोधन

थ्रॉम्बेक्टमी रूढ झाल्यानंतर चेतासंरक्षणाच्या संशोधनाला नवी दिशा मिळाली. वाहिनी निश्चितपणे उघडली जात असल्यामुळे औषध उपच्छायेपर्यंत पोहोचते व प्रयोगशाळेतील परिस्थितीशी रुग्णाची परिस्थिती जुळते. वाहिनी उघडल्यावर रक्त एकाएकी परतल्याने होणारी इजा कमी करणे, हेही आता एक उद्दिष्ट आहे. चीनमध्ये ब्यूटिलफ्थॅलाइड या औषधाची १,२१६ रुग्णांवरील चाचणी २०२३ मध्ये अनुकूल ठरली. तिच्यातील सर्व रुग्णांना गुठळी विरघळवण्याचे किंवा काढण्याचे उपचारही मिळाले होते.

हाताला किंवा पायाला पट्टा बांधून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा व सोडायचा, असे आलटून पालटून केल्यास मेंदूची सहनशक्ती वाढते का, याचाही अभ्यास होत आहे. २०२२ मधील चिनी चाचणीत या पद्धतीचा लाभ दिसला, तर २०२३ मधील डेन्मार्कच्या चाचणीत दिसला नाही. मुक्त मूलकांवर काम करणारे यूरिक आम्ल अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांनी एकत्रितपणे घेतलेल्या प्राण्यांवरील तपासणीत आशादायक ठरले आहे. केवळ चेतापेशी नव्हे, तर तारकापेशी, रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि रक्त-मेंदू अडथळा यांचे एकत्रित रक्षण करण्याकडे संशोधकांचा कल वाढला आहे. या व्यापक दृष्टिकोनास मेंदूसंरक्षण अशी संज्ञा वापरली जाते.

हेही पहा

पक्षाघात
मेंदू
चेतापेशी
उच्च रक्तदाब
मधुमेह
मुंबई उपनगर जिल्हा